पंधरा बाय अठरा

ग्रामीण गृहनिर्माण अभियंता हे माझ्या कामाचे कागदावरचे नाव. गावांत मात्र मला 'घरकुलवाले इंजिनिअर' म्हणूनच ओळखतात. लातूर जिल्ह्यातील एका पंचायत समितीत मी कंत्राटी पद्धतीने हे काम करतो. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेत होतो तेव्हा डोळ्यांपुढे पूल आणि मोठ्या इमारती होत्या. वाट्याला आली ती पावणेतीनशे चौरस फुटांची घरे आणि त्या घरांहून जाड अशा त्यांच्या फायली. आजवर अशी कितीतरी घरे आखून दिली, त्यांच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे मोबाइलवरून चढवली आणि अडलेल्या हप्त्यांमागे तालुक्याच्या फेऱ्या मारल्या. त्यांपैकी एकाच घराविषयी येथे लिहितो आहे, कारण जोते, म्हणजे भिंतींखालचा पायाचा चौथरा, किती मोठे घालावे याविषयीचे माझे ठाम मत त्या घराने ढिले केले.

ते मत असे होते की जोते लहानच घालावे. १ एप्रिल २०१६ पासून इंदिरा आवास योजनेच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली, तेव्हा घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट ठरले. सपाट भागासाठी १,२०,००० रुपये, डोंगराळ भागासाठी १,३०,००० रुपये, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२,००० रुपये असा हिशेब बांधला गेला. सिमेंट, सळई आणि गवंड्याची मजुरी तेव्हापासून कुठल्या कुठे गेली, पण केंद्राच्या अनुदानाचा आकडा जागचा हलला नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने आपल्याकडून ५०,००० रुपयांची भर घातली; त्यांतले ३५,००० बांधकामासाठी आणि १५,००० छतावरच्या सौर संचासाठी. सौर संच बाजूला ठेवला आणि मजुरीचा त्या वर्षीचा ३१२ रुपये दर धरला, तर सगळे मिळून दोन लाखांच्या आत बसते. एवढ्या पैशात २६९ फुटांचे घर हात आखडून उभे राहते. पाचशे फुटांचे घर सहसा जोत्यावरच अडते.

अशी अडलेली जोती आमच्या भागात गावोगाव दिसतात. मुरूम भरून धुम्मस केलेला असतो, कोपऱ्यांतून सळया वर आलेल्या असतात, त्यांना शेळ्या बांधलेल्या असतात आणि दोन पावसाळ्यांनी भेगांतून वेडी बाभूळ उगवलेली असते. कुटुंब शेजारच्या कुडाच्या खोपटात तसेच राहत असते. कागदावर ते घर 'प्रगतिपथावर' असते आणि दर आढावा बैठकीत मला त्याचा जाब विचारला जातो. त्यामुळे आखणीच्या दिवशी फक्कीची पिशवी हातात घेतली की माझे पहिले वाक्य ठरलेले असे: पंधरा बाय अठरा, म्हणजे २७० फूट, त्यापुढे एक इंचही नाही.

हे कुटुंब ऊसतोडीला जाणारे. तोडीच्या भाषेत नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांना तीन लेकरे, आणि घरी नवऱ्याची आई, जिला सारा गाव आजी म्हणतो. आधीच्या यादीतून सुटलेल्यांसाठी झालेल्या 'आवास प्लस' सर्वेक्षणात त्यांचे नाव नोंदले गेले आणि यादी गावात कायम झाली. पुढे अनेक वर्षे काहीच हालले नाही. मग २०२५ च्या फेब्रुवारीत राज्यभर एकदम लाखो मंजुरीपत्रे वाटली गेली, त्यांत यांचेही पत्र निघाले. मंजुरी बाईंच्या नावाने होती. योजनेचा दंडकच तसा आहे की घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे असावे. नवऱ्याला त्याचे काही वाटले नाही. पंचाईत वेगळीच होती. ज्या जागेवर घर बांधायचे ती गावठाणातली जागा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावे होती.

नमुना ८ हा मालकीचा उतारा नसून घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे, हे प्रत्येक गावात मला दहादा सांगावे लागते. तरीही गावठाणातल्या गरिबाकडे बहुधा तोच एक कागद असतो. सासऱ्यांच्या मागे तीन मुलगे. एक गावातच वेगळा राहणारा, एक चाकणला कंपनीत कामाला. धाकट्याच्या घरकुलासाठी दोघांचे संमतीपत्र हवे होते. गावातल्या भावाने सही लगेच दिली. चाकणच्या भावाला फोनवर शंका आली की सही केली म्हणजे आपला वाटा गेला. मी त्याच्याशी दोनदा बोललो. दुसऱ्या वेळी त्याने मला शांतपणे विचारले, "साहेब, तुम्ही तुमच्या भावाला अशी सही दिली असती का?" मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. शेवटी तो गावच्या जत्रेला आला, आजीच्या समोर बसला, आणि जागेच्या मागच्या अंगाची आठ फुटांची पट्टी त्याच्यासाठी मोकळी सोडायची असे ठरले, तेव्हा कागद झाला. ही पट्टी कोणत्याही नकाशात नाही, पण आखणी करताना मला ती धरावीच लागली.

याच गावात दुसऱ्या एका कुटुंबाचे घरकुल त्याच वेळी मंजूर झाले आणि आजही ते कागदावरच आहे, कारण ते गायरानावर राहतात. १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमात बसवण्यासाठी शासनाने २०१८ मध्ये निर्णय काढला होता, पण यांचा तेवढा जुना पुरावा नाही. जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसाहाय्य योजना आहे. तिची मर्यादा आधी ५०,००० रुपये होती, ती नंतर १,००,००० झाली. तुकडेबंदीच्या नियमांतही घरकुलासाठी सवलत आली आहे. एवढे सगळे असूनही गावाला लागून अर्धा गुंठा जमीन तुकडा पाडून द्यायला कोणी तयार होत नाही, आणि जो होतो तो रस्ता देत नाही. मी त्या गृहस्थांच्या दारावरून गाडी हळू करत नाही, कारण थांबलो तर सांगायला काही नसते.

कोयत्याच्या कुटुंबाकडे परत येतो. पहिला हप्ता १५,००० रुपयांचा होता. तो जमा झाल्याचे संगणकावर दिसत होते, पण पासबुकात नव्हता. बाईंनी जे पासबुक आम्हाला दिले होते त्या खात्यात पैसे गेलेच नव्हते. आधार जोडलेले होते ते कित्येक वर्षांपूर्वी एका शिबिरात उघडलेल्या दुसऱ्याच बँकेच्या खात्याला, आणि ते खाते व्यवहार नसल्याने बंद पडलेले. त्या शाखेत पहिल्या दिवशी यंत्रणा चालू नव्हती; दुसऱ्या दिवशी आधारवरचे नाव आणि खात्यावरचे नाव यांत आडनावाच्या एका अक्षराचा फरक निघाला; तिसऱ्या फेरीत अंगठा घेऊन खाते सुरू झाले. तीन दिवसांची दोघांची मजुरी, जीपचे भाडे आणि झेरॉक्स यांचा हिशेब बाईंनी तोंडी केला. "पंधरा हजार आणायला आमचे अडीच हजार गेले बघा सर," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. बाजारातून काय भावाने काय आणले हे सांगावे तसे त्यांनी सांगितले.

आखणीचा दिवस एप्रिलमधला. माती तापून भेगाळलेली होती आणि खुंट्या ठोकताना ढेकळे उडत होती. मी लाईनदोरी ताणली, गुण्या लावला, तीन-चार-पाचच्या मापाने कोपरा काटकोनात घेतला आणि पंधरा बाय अठराची फक्की मारली. नवरा त्या पांढऱ्या चौकोनाभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "सायेब, हे तर खोपटाएवढंच झालं की. वीस बाय पंचवीस घ्या. घर काय दरसाल बांधतंय व्हय माणूस? उद्या पोराचं लगीन झालं तर सुनंला कुठं निजवू?"

हा प्रश्न मला प्रत्येक जोत्यावर विचारला जातो आणि त्याला माझ्याकडे तयार उत्तर होते. मी त्यांना खाली बसवून मातीत काडीने हिशेब मांडला. पंधरा बाय अठराचा घेर ६६ फूट आणि मधली भिंत धरली तर पाया ८० फुटांच्या आत राहतो. वीस बाय पंचवीसचा घेरच ९० फूट, दोन आडभिंती धरल्या की सव्वाशे फूट होतो. आमच्याकडची माती काळी. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर पाया टेकवला की दोन वर्षांत भिंती तडकतात, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोल जावे लागते. म्हणजे प्रत्येक वाढीव फुटाला नुसती लांबी मोजून भागत नाही, चार-पाच फुटांची खोलीही मोजावी लागते. गाडला जाणारा हा सगळा पैसा घरात राहताना कुठेच दिसत नाही. हिशेब त्यांना पटला. कंत्राटी इंजिनिअरच्या काडीने मातीत मांडलेला हिशेब गरिबाला बहुधा पटतो, कारण तो मोडून काढायला दुसरा हिशेब त्याच्याजवळ नसतो.

तरी मी एक तडजोड केली. पूर्वेकडच्या भिंतीत पुढेमागे खोली जोडता यावी म्हणून दाते सोडायचे ठरवले. दाते म्हणजे भिंतीच्या टोकाला एकाआड एक थरात अर्धी वीट बाहेर काढून ठेवायची, म्हणजे नंतरची भिंत तिच्यात गुंतवता येते. गवंड्याने मान डोलावली आणि बाईंनी ती जागा पुन्हा एकदा हाताने दाखवून घेतली.

पायाला चार फुटांवरही काळी माती लागत होती. साडेचार फुटांनंतर रंग बदलला, आणि पाचव्या फुटाला कुदळीचा आवाज बदलला तेव्हा खोदाई थांबवली. डबर विकत घ्यावा लागला नाही, कारण जुन्या घराच्या पडक्या भिंतीचे दगड होतेच. ते जुने घर माळवदाचे होते: दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, लाकडी खांब, आणि वर दरवर्षी भर घालून जड होत गेलेले मातीचे छत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच घरांनी माणसे गाडली. हे गाव पुनर्वसनात नव्याने वसवलेल्या ५२ गावांपैकी नव्हे, पण इथेही भिंती फाटल्या होत्या, आणि आजीचे माहेर त्या पट्ट्यातले. तिथे तिचा भाऊ आणि भावजय ढिगाऱ्यातून निघाले नाहीत. तेव्हापासून ती माळवदाखाली झोपली नाही. आधी अंगणात, मग कुडाच्या खोपटात, असे तिने बत्तीस वर्षे काढली. जुन्या भिंतीचे दगड पायात चालले आहेत हे पाहून ती काठी टेकत चराच्या कडेला आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आता बरं हाय. दगडानं खालीच ऱ्हावं."

जोत्याचा खर्च पंधरा हजारांत होत नाही, हे योजना चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मोठा हप्ता जोते झाल्यावर येतो. म्हणजे जोते घालायला पैसे हवेत आणि पैसे यायला जोते हवे. ही फट कुटुंबाने आपल्या हिमतीवर भरायची असते. कोणी बचत गटाकडून काढतो, कोणी सिमेंटच्या दुकानात उधारी करतो, कोणी शेळ्या विकतो. या जोडप्याने पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, ऊसतोडीच्या मुकादमाकडून मे महिन्यातच घेतली. साठ हजार रुपये. ऊस अजून शेतात वाढत होता, तो नोव्हेंबरनंतर तोडायचा होता, आणि त्या तोडणीच्या मजुरीतून जोत्याची सळई आली. अनुदानाने घर होते असे आम्ही अहवालात लिहितो. प्रत्यक्षात घर उचलीवर उभे राहते आणि अनुदान मागाहून येऊन त्यातली थोडी उचल फेडते. बँकेकडून ७०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळवून देण्याची तरतूद योजनेत आहे. मी आजवर जी जोती पाहिली त्यांपैकी एकही त्या कर्जातून झालेले नाही.

वाळूचेही तसेच. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत मिळते आणि त्याचा पास मी स्वतः काढून दिला. पण वाहतूक लाभार्थ्याची, आणि घाट इतका लांब की ट्रॅक्टरचे भाडे जवळच्या खाणीवरच्या क्रश सँडच्या, म्हणजे दगड दळून केलेल्या वाळूच्या, किमतीवर जात होते. शेवटी क्रश सँडच आणली. पास अजून फायलीत आहे.

मे संपताना जोते झाले. मी बाईंना जोत्यावर उभे करून छायाचित्र घेतले. ॲपला जागेचे अक्षांश-रेखांश लागतात आणि चढवायला नेटवर्क लागते. गावात नेटवर्क पाण्याच्या टाकीच्या जिन्यावरच मिळते, म्हणून मी आणि गावातली दोन कॉलेजची पोरे टाकीच्या जिन्यावर बसून वाट पाहत होतो. चित्र चढले, तालुक्याला मान्य झाले, निधीच्या आदेशावर पहिली स्वाक्षरी झाली आणि दुसरीसाठी अडकली. पैसे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आले. त्या सात आठवड्यांत दुकानदाराने दोनदा मला फोन केला, जणू उधारी माझी होती. मुरुमावर पाणी मारून मारून जोते बसवत राहा, एवढेच मी त्या दोघांना सांगू शकत होतो. सोयाबीनची पेरणी आली तेव्हा ते दोघे दुसऱ्यांच्या शेतावर रोजाने गेले, आणि संध्याकाळी येऊन पाणी मारत राहिले.

ऑगस्टमध्ये भिंती चढल्या. चौकट बसवली त्या दिवशी बाईंनी हळदी-कुंकू लावून नारळ फोडला आणि मला पहिला तुकडा दिला. मधल्या काळात गवंड्याशी माझे भांडण झाले. लिंटेलच्या, म्हणजे दार-खिडक्यांवरच्या तुळईच्या, पातळीवर चारी भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवायचा असे मी सांगितले होते. त्याने दार-खिडकीपुरतेच लिंटेल टाकायला घेतले, कारण पत्र्याच्या घराला पट्टा कशाला, असे त्याचे म्हणणे. तो चांगला कारागीर आहे, पंचेचाळीस दिवसांचे गवंडी प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेला. पण मालकाचे सिमेंट वाचवणे यालाही तो कारागिरीच समजतो. मी त्याला समजावले की जमीन हलली तर कोपरे आधी उकलतात, आणि हा पट्टा चारी भिंतींना एकत्र धरतो, पेटीला पट्टी मारावी तसा. त्याला ते पटले की नाही कोण जाणे. आजी जवळच बसली होती. "टाक रे बाबा, तो म्हणतोय तसं," ती म्हणाली, आणि सळया वाकवल्या गेल्या.

छताच्या बाबतीत मात्र आजीने मलाच हरवले. माझा आग्रह स्लॅबचा होता. पैसे थोडे अपुरे पडत होते, पण राज्याचे ३५,००० येणार होते आणि स्लॅब असला तर वर जाता येते. पक्के छत हवे एवढेच योजना म्हणते, स्लॅबच हवा असे ती म्हणत नाही. आजी म्हणाली, डोक्यावर जड नको. मी तिला सळई, काँक्रीट, स्तंभ हे सगळे समजावले. तिने ऐकून घेतले आणि पुन्हा तेच म्हणाली. मग मी मुलाकडे पाहिले, त्याने आईकडे पाहिले, आणि लोखंडी पाइपांवर पत्रा टाकायचे ठरले. खरे सांगायचे तर इतक्या खर्चात नीट झालेला पत्रा हा ओढून ताणून टाकलेल्या स्लॅबपेक्षा बरा, हे मला अभियंता म्हणून माहीत होते. तरी स्लॅबचे छायाचित्र अहवालात चांगले दिसते, हा मोह माझ्याही मनात होता.

पण पत्रा चढण्याआधीच सप्टेंबर २०२५ चा शेवट आला. त्या आठवड्यात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो आमच्या पिढीने पाहिला नव्हता. तेरणा, मांजरा फुगल्या, पुलांवरून पाणी गेले, काढणीला आलेले सोयाबीन शेतात काळे पडले. दोन दिवस मला त्या गावाकडे जाताच आले नाही. तिसऱ्या दिवशी गाडी अलीकडे लावून चिखल तुडवत गेलो. मला भीती होती ती भिंतींची, कारण ओल्या काळ्या मातीच्या फुगण्याने पट्ट्याखाली तडा गेला असता तर ते माझ्या पायाचे अपयश ठरले असते. भिंती शाबूत होत्या. खोपट मात्र बसले होते. त्याचा कूड चिखलात आडवा पडला होता.

ते सगळे नव्या घरात आले होते. छत नव्हते, म्हणून भिंतींवरून भिंतींवर निळी ताडपत्री ताणून दगडांनी दाबली होती. आत सहा माणसे, दोन शेळ्या, वाचवून आणलेली सोयाबीनची चार पोती, भांड्यांचा हारा आणि मधल्या भिंतीला टेकवलेली आजीची बाज. तीन विटांची चूल खिडकीच्या कोनाड्याखाली. धाकटा पोरगा पोत्यांवर झोपला होता, कारण जमिनीवर जागा नव्हती. बाई उठून मला बसायला जागा करू लागल्या, आणि ती जागा करण्यासाठी कोणाला कुठे सरकवावे हे त्यांना कळेना. मी दारातच उभा राहिलो. पंधरा बाय अठरा हे माप मी कागदावर, मातीत आणि ॲपवर कित्येक वेळा लिहिले होते. भरलेले मात्र ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

पदविकेच्या शेवटच्या वर्षी आम्हाला भूकंपानंतर वसवलेल्या एका गावात नेले होते, त्याची तेव्हा आठवण झाली. तिथे जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली होती. भूमिहीनांच्या वाट्याला २५० ची. आमचे प्राध्यापक भूकंपरोधक रचना समजावत होते आणि आम्ही वहीत लिहून घेत होतो. तिथल्या लहान घरांना कोणी पत्र्याची, कोणी ताट्यांची, कोणी जुन्या दगडांची भर घातलेली दिसत होती. प्राध्यापकांनी त्या भरीकडे बोट दाखवून सांगितले की लोक रचना बिघडवतात. तेही मी वहीत लिहून घेतले होते.

मी जे सांगितले ते चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. वीस बाय पंचवीसचा पाया त्यांनी घातला असता तर सप्टेंबरात त्यांच्याकडे ताडपत्री ताणायला भिंतीच नसत्या. पण नवऱ्याने विचारलेला प्रश्न पैशांचा नव्हता आणि मी त्याला उत्तर दिले ते पैशांचे.

दसऱ्यानंतर पत्रा चढला. वाऱ्याने उडू नये म्हणून प्रत्येक पाइप पट्ट्यात सोडलेल्या सळईला जोडून घेतला. कोबा झाला, आतून गिलावा झाला, बाहेरचा राहिला. शौचालय मागच्या अंगाला, चाकणच्या भावासाठी सोडलेली पट्टी सांभाळून बांधले. दिवाळी झाली आणि मुकादमाची गाडी आली. जोडपे धाकट्याला घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर गेले. शाळेतली दोन लेकरे आजीपाशी राहिली. शेवटचे छायाचित्र घ्यायला मी गेलो तेव्हा लाभार्थी गावात नव्हत्या आणि लाभार्थ्याशिवाय छायाचित्र चालत नाही. बाई महिन्याभराने एका लग्नासाठी एक दिवस आल्या, तेव्हा भिंतीवर योजनेचे नाव रंगवून, त्यांना दारात उभे करून ते काम उरकले. त्याच दिवशी ग्रामपंचायतीत नमुना ८ वर नवीन घराची नोंद दोघांच्या नावे करून घेतली. ग्रामसेवकाने उतारा दिला तो बाईंनी घडी न घालता वहीत सरळ ठेवला आणि दुपारच्या गाडीने त्या परत उसाच्या फडावर गेल्या.

रोजगार हमीचे नव्वद दिवस पुरते भरले नाहीत, कारण पावसाच्या काळातले दोन हजेरीपट वेळेत निघाले नाहीत. राज्याचे ३५,००० पुष्कळ उशिरा आले. ते मुकादमाकडे गेले.

मार्चमध्ये हंगाम संपून ते परत आल्यावर मी दुसऱ्या एका आखणीसाठी त्या गावात गेलो होतो. जाता जाता घरावरून गेलो. पूर्वेकडच्या भिंतीला, जिथे दाते सोडले होते तिथे, विटांची एक नवी भिंत गुंतवलेली होती. कमरेइतकी आली होती. पाया किती खोल घेतला असे विचारल्यावर नवरा हसला आणि म्हणाला, "मुरमापर्यंत नेलाय. आईनं बघितल्याबिगर वीट लावू दिली न्हाई." आजी त्या अर्धवट भिंतीवर हात टेकून उभी होती. मी सवयीने टेप काढला आणि मोजले. दहा बाय बारा. मग टेप गुंडाळून खिशात ठेवला; या भिंतीचे छायाचित्र कुठेच चढवायचे नव्हते.